शांतता आम्ही राखायची, तर कामात वाटा का नको?

पुणे–नाशिक रेल्वेचा विषय निघाला, की नारायणगावच्या एसटी स्टँडवर काय नि मंचरच्या टपरीवर काय, एक वाक्य हमखास कानावर येतं : "त्या खोडदच्या डिशनं आपल्या दोन तालुक्यांचं वाटोळं केलं." बोलणाऱ्याचा राग खरा असतो. २३५ किलोमीटरच्या सेमी हायस्पीड मार्गाचा पहिला आराखडा चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा होता. मोजण्या झाल्या, कुणाच्या शिवारात स्टेशन येणार याचे हिशेब लोकांनी मांडले. मग रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं, की या मार्गामुळे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, म्हणून मार्ग बदलावा लागेल. गाडी शिर्डी–अहिल्यानगरकडून नेण्याची भाषा सुरू झाली. टोमॅटोचे क्रेट टेम्पोत भरून चाकणच्या कोंडीत अडकणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, ते मला कुणी सांगायला नको. माझ्या भावाचा माल त्याच टेम्पोत असतो.

तेव्हा रागाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते रागातून काढलेल्या दोन निष्कर्षांशी. पहिला, दुर्बीण इथून हलवा. दुसरा त्याहून घातक आहे आणि तो चांगली शिकलेली माणसं मांडतात : अवकाश संशोधन हा इस्रोचा, टाटांचा, गोदरेजांचा प्रांत, जुन्नर-आंबेगावातल्या तीन माणसांच्या वर्कशॉपचा त्याच्याशी काय संबंध? मध्यंतरी एका बैठकीत एका निवृत्त इंजिनिअर साहेबांनी मला हे तोंडावर ऐकवलं. "तुम्ही मोटारी भरा, रॉकेटचं रॉकेटवाले बघतील." मी मोटारीच भरतो. मंचरला बावीस वर्षं माझं रिवाइंडिंगचं आणि पंपाच्या पॅनेलचं वर्कशॉप आहे. त्या साहेबांना उत्तर द्यायचा अधिकार मला त्या कामानंच दिला आहे.

एक जुना ट्रान्झिस्टर घ्या. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावा आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसा. शेजाऱ्यानं मोटर चालू केली, की "खर्रर्" असा आवाज येतो आणि जातो. स्टार्टरमधला काँटॅक्टर बसताना ठिणगी उडते, ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात आणि त्या तुमच्या ट्रान्झिस्टरला ऐकू येतात. काँटॅक्टरचे पॉइंट जळालेले असतील, तर खरखर थांबतच नाही. डांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला असेल किंवा डीपीवरचं जोडकाम सैल असेल, तर दमट रात्री तीच खरखर बांधापलीकडे जाते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी बिघाड शोधायला असाच शिकवतो. मीटर नंतर, आधी कान.

खोडदला याच खरखरीशी रोजची झुंज असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. सगळा पसारा २५ किलोमीटरचा. आकाशातून त्यांच्याकडे येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात, की चंद्रावर कुणी साधा मोबाइल चालू ठेवला तर तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांत गणला जाईल. विजेच्या गाडीचा पँटोग्राफ वरच्या तारेला घासत जातो, तिथे ठिणग्या उडतच राहतात. विहिरीवरच्या ट्रान्झिस्टरला जर शेजारच्या स्टार्टरचा त्रास होतो, तर अशा कानाजवळून रोज गाड्या धावल्यावर काय होईल, हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. बोगद्यातून न्या, आडोसा घाला, असं सुचवणारे लोक आपलेच आहेत. त्या पर्यायांचा अभ्यास जाहीरपणे, आकड्यांसह लोकांपुढे मांडावा, ही मागणी मी त्यांच्या बरोबरीनं करतो. पण अभ्यासाची मागणी वेगळी आणि "उचला ती भंगारं" म्हणणं वेगळं.

हलवा म्हणणाऱ्यांनी ही जागा का निवडली, तेही पाहावं. माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट इथे कमी होता. १९ अंश अक्षांश सोयीचा होता : चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला, म्हणून वरचं आयनांबर तुलनेनं शांत, आणि तरीही दक्षिणेकडचं बरंचसं आकाश दिसेल इतकं खाली. दळणवळण चांगलं होतं. आणि पुण्याचे उद्योग नि शिक्षणसंस्था जवळ होत्या. हे शेवटचं कारण मी मुद्दाम अधोरेखित करतो. दुर्बीण इथे आली, त्यात उद्योग हाताशी आहेत या विचाराचाही वाटा होता. मग तीस वर्षांनी उद्योग आणि दुर्बीण एकमेकांचे वैरी आहेत असं आपण कुणाच्या सांगण्यावरून मानायला लागलो?

जुन्नर तालुक्याचं अवकाशाशी नातं खोडदपासून सुरू झालेलंही नाही. १९७१ साली नारायणगावजवळच्या आर्वीला देशाचं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. परदेशी लावलेला फोन इथल्या माळावरच्या डिशमधून इंटेलसॅट उपग्रहाकडे जायचा. आमच्या वडिलांच्या पिढीनं ती डिश पाहिली, तिच्यासमोर फोटो काढले, सहली नेल्या. तिथे लागणारं एखादं सुटं साधन आपल्या तालुक्यात बनावं, असा आग्रह कुणी धरल्याचं मी जुन्या माणसांकडून ऐकलेलं नाही. पहिल्या वेळी आपण नुसते बघत राहिलो. खोडदच्या वेळी आपण आधी बघत राहिलो आणि आता चिडलो आहोत. दोन्ही वेळा काम मागायचं राहून गेलं.

आता साहेबांच्या मुद्द्याकडे येतो : हे छोट्यांचं काम नव्हे. या देशातली रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात कशी झाली ते बघा. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या डिशची रांग उभी केली, तेव्हा त्या डिश ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या, वापरून झालेल्या होत्या. प्रत्येकीचा व्यास सहा फूट. १९७० मध्ये उटीला त्यांनी ५३० मीटर लांबीची दुर्बीण डोंगराच्या अशा उतारावर बसवली, की उताराचा कोन आणि तिथला अक्षांश सारखा यावा. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा माग काढता येऊ लागला. खोडदला तर त्यांनी कमालच केली. ४५ मीटरची डिश पत्र्याची केली असती, तर ती शिडासारखी वाऱ्याला अडली असती. ते पेलायला अवाढव्य सांगाडा लागला असता आणि तेवढा पैसा देशाकडे नव्हता. त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या ०.५५ मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी ताणून बसवली. मध्यभागी १० मिलिमीटरची घरं, पुढे १५, कडेला २०. पकडायच्या लहरी २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब. त्यांना ही जाळी सलग पत्र्यासारखीच भासते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. पृष्ठभागाचा जेमतेम ७ टक्के भाग तारेनं भरलेला आहे.

खोडदला गेलात तर एका डिशच्या खाली उभं राहून वर बघा. जाळीतून निळं आकाश दिसतं, ढग सरकताना दिसतो. द्राक्षबागेवर पक्ष्यांसाठी जाळी ताणणाऱ्या आपल्या माणसाला ती रचना समजावून सांगावी लागत नाही. ताण कुठे द्यायचा, झोळ कुठे पडतो, हे तो नुसतं बघून ओळखतो. २०२० मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेनं जीएमआरटीला माइलस्टोनचा मान दिला. जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामानंतर भारताला मिळालेला हा तिसराच मान, आणि तो अभियांत्रिकीसाठीचा मान होता. कमी पैशात, थोड्या सामानात अवघड काम करून दाखवण्याचं ज्ञान ही छोट्या वर्कशॉपची रोजची भाकरी आहे. साहेब, ज्या दुर्बिणीचा प्राणच काटकसरीच्या हुशारीत आहे, तिच्या दारात उभं राहून तुम्ही आम्हाला मोटारी भरायला पाठवता?

आणि रॉकेटवाल्यांचंच बोलायचं, तर ते कोण आहेत ते पाहू. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारा तिथला कारखाना एसएलव्हीच्या काळापासून इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग बनवत आला आहे. तो मोठा कारखाना आहे हे मान्य. पण त्याची सुरुवात उसाच्या शिवारातून झाली, हेही तितकंच खरं. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला स्वयम् हा किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीतून गेला. तोंड योग्य दिशेला ठेवण्यासाठी त्यात मोटर नव्हती, चाकं नव्हती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणारं चुंबक होतं. विद्यार्थ्यांनी. कॉलेजच्या खोलीत. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० उडालं, तेव्हा काम संपलेल्या चौथ्या टप्प्यावरच प्रयोगांसाठी जागा ठेवली होती. २४ प्रयोग गेले, त्यातले १० इस्रोबाहेरचे. मुंबईच्या मनस्तु स्पेस या, आयआयटीच्या आवारात सुरू झालेल्या नवउद्योगाचं इंजिन त्यात होतं. उपग्रहांत वापरल्या जाणाऱ्या विषारी हायड्रॅझिनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित इंधन वापरायचं, हे त्यांचं संशोधन. पुण्याच्या एमआयटी डब्ल्यूपीयूचा रेडिओ प्रयोगही त्यातच होता. २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणानं खासगी उद्योगांना या क्षेत्राची दारं रीतसर उघडली आहेत. हे सगळं साहेबांना माझ्याआधी ठाऊक असायला हवं होतं.

यावर उत्तर येतं : "अहो, पण तुमच्याकडे तर उद्योगच आणता येत नाहीत. बंधनं आहेत." आहेत. रेडिओ गोंगाट करणाऱ्या नव्या उद्योगांना, मोबाइल टॉवरला, वीजवाहिन्यांना या परिसरात विचार करूनच परवानगी मिळते. त्या बंधनाचा जाच मलाही होतो. पण बंधन गोंगाटावर आहे, हे नीट समजून घ्या. विचार करण्यावर, मोजमाप करण्यावर, बंद धातूच्या खोलीत सर्किट जुळवण्यावर ते नाही. डिशच्या बुडाशी असलेली इलेक्ट्रॉनिक सामग्री स्वतःच अशा आवरणात असते, कारण तिचाही आवाज बाहेर पडता कामा नये. खोडदनं तीस वर्षांत जे शिकून घेतलं, ते याच विषयात : आवाज कुठून येतो, कसा अडवायचा, अडल्यावर किती उरला ते कसं मोजायचं. आणि अवकाशात जाणाऱ्या प्रत्येक पेटीची परीक्षा नेमकी यावरच होते. उपग्रहात वीज पुरवणारं सर्किट आणि पृथ्वीवरचा आदेश ऐकणारा रिसीव्हर हातभर अंतरावर बसलेले असतात. सर्किट खरखरलं, तर रिसीव्हर बहिरा होतो. मग त्या उपग्रहाला काही दुरुस्तीला खाली आणता येत नाही.

आता आपल्या रानात या. सौर कृषीपंप गावोगाव बसताहेत. पॅनेलची डीसी वीज पंपाला लागेल तशी करून देणारा कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. स्वस्तातला कंट्रोलर असेल, तर त्याची रेडिओ खरखर माझ्या ट्रान्झिस्टरवर सूर्य वर येईल तशी वाढताना ऐकू येते. स्वस्तात आणि न खरखरता चालणारा कंट्रोलर बनवणं हे संशोधन आहे. तो खोडदला हवा, शेतकऱ्याला हवा, कारण खरखर म्हणजे वाया गेलेली वीज आणि लवकर तापणारं सर्किट. आणि त्याची विद्या जशीच्या तशी उपग्रहाच्या वीजपेटीत लागते. असा कंट्रोलर बनवायला जगात याहून चांगली जागा मला सांगा. इथे पंप आहेत, इथे शांतता आहे, आणि ती शांतता मोजणारी देशातली सर्वांत तरबेज माणसं मंचरपासून तासाभराच्या आत बसतात.

कमतरता कशाची आहे, तर व्यवस्थेची. अमेरिकेनं १९८२ मध्ये एक कायदा केला. ज्या केंद्रीय खात्यांचं बाहेर वाटायचं संशोधनाचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांनी त्याचा ठरावीक हिस्सा छोट्या उद्योगांनाच द्यायचा. नासाही त्यात आली. पुढे हा हिस्सा ३.२ टक्क्यांपर्यंत वाढवला गेला. पद्धत साधी आहे. खातं आपली अडचण जाहीर करतं. छोटी कंपनी उपाय सुचवते. पहिल्यांदा सहाएक महिन्यांसाठी थोडे पैसे, कल्पना चालते का ते बघायला. चालली तर साधारण दोन वर्षांसाठी मोठी रक्कम, नमुना बनवायला. शोधाचा हक्क कंपनीकडे राहतो. कल्पना नाही चालली, तर कुणी चोर ठरत नाही.

आपल्याकडे केंद्रीय खाती आणि सरकारी कंपन्यांनी खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा असा नियम आहे. तो मालाच्या खरेदीचा. म्हणजे खुर्ची, केबल, नटबोल्ट आम्ही द्यायचे. संशोधनाच्या पैशात छोट्यांसाठी असा सक्तीचा हिस्सा कायद्यानं ठरलेला नाही. जैवतंत्रज्ञान खात्यानं २००५ मध्ये छोट्या उद्योगांच्या संशोधनाला पैसा देणारी एसबीआयआरआय योजना आणली. संरक्षण खात्याचं आयडेक्स २०१८ पासून आहे. अवकाशासाठी इन-स्पेस आहे. योजना चांगल्या आहेत, पण त्या मागणाऱ्याच्या जोरावर चालतात. हिस्सा असला, की देणाऱ्यालाच माणूस शोधावा लागतो.

मला याचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेच्या निविदेत मला जमण्यासारखं एक काम होतं, मोटर चालवणाऱ्या पॅनेलचं. अर्ज भरताना कळलं, की गेल्या तीन वर्षांची उलाढाल त्या कामाच्या कितीतरी पट हवी, आणि तसंच काम आधी तीन ठिकाणी केलेलं हवं. नवं काम, आणि ते आधी केलेलं असायला हवं! ते काम परगावच्या कंपनीला गेलं. तिनं त्यातला पॅनेलचा भाग पोटकंत्राटावर एका छोट्या वर्कशॉपकडूनच करून घेतला, हे मला नंतर त्या वर्कशॉपवाल्यानंच सांगितलं. हात छोट्याचेच लागले. नाव, नफा आणि शिकलेली विद्या मात्र दुसरीकडे गेली.

खोडदच्या बाजूनं बोलणाऱ्या मित्रांनाही मला एक गोष्ट खडसावून सांगायची आहे. तुम्ही म्हणता, जगात नाव आहे, गावकऱ्यांनी अभिमान बाळगावा. आम्ही बाळगतो. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा कोट्यवधी किलोमीटरवरून येणारा त्याच्या छोट्या ट्रान्समीटरचा आवाज आपल्या या डिशनी ऐकला. उतरण्याच्या थोडं आधी तो थांबला, आणि काहीतरी बिघडल्याची ती पहिली चाहूल होती. जून २०२३ मध्ये विश्वात घुमणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगासमोर आले, त्यातही खोडदचा हात होता. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळांच्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. हे सगळं मनापासून चांगलं आहे. पण ज्या पोराला तुम्ही आठवीत असताना डिश दाखवलीत, ते पोर आयटीआय करून चाकणच्या कंपनीत कंत्राटावर स्क्रू आवळतं आहे. त्याला अभिमान पुरत नाही. दक्षिण आफ्रिकेनं कारूच्या माळावर दुर्बिणींसाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा करून रेडिओ शांतता राखली, आणि त्याच प्रकल्पातून शेकडो तरुणांना शिष्यवृत्त्याही दिल्या. तिथे तर वस्ती विरळ आहे. इथे आम्ही डिशच्या बुडाशी कांदा लावतो, पाणी देतो, लग्नं करतो आणि तरीही शांतता राखतो. रेल्वे गेल्यावर तर या शांततेची किंमत साऱ्या जगासमोर आली. ज्याची किंमत आहे, त्याचा मोबदला मागणं हा विज्ञानाला विरोध होत नाही.

म्हणून ग्रामसभांच्या ठरावात "दुर्बीण हटवा" या ओळीच्या जागी माझ्या ओळी घाला, अशी माझी दोन्ही तालुक्यांना विनंती आहे. भारत आता एसकेए या जागतिक दुर्बिणीत सामील झाला आहे, १,२५० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. त्या आणि जीएमआरटीच्या पुढच्या सुधारणांच्या पैशातला ठरावीक हिस्सा जुन्नर-आंबेगावातल्या छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी राखून ठेवा. अडचणींची यादी दरवर्षी मराठीत जाहीर करा. उलाढालीची अट काढा, कल्पना तपासा. नारायणगावला किंवा मंचरला धातूनं मढवलेली एक चाचणी खोली उभी करा, जिथे आयटीआयच्या पोराला तासाच्या परवडणाऱ्या दरानं आपली वस्तू मोजून घेता येईल.

माझ्या टेबलावर सध्या एक कंट्रोलर उघडा पडला आहे. फेराइटची कडी बदलली, अर्थिंगचा रस्ता आखूड केला, डब्याच्या झाकणाला तांब्याची पट्टी लावली. ट्रान्झिस्टरवर आता तो दोन हातांवरून ऐकू येत नाही; आधी पलीकडच्या गल्लीत ऐकू यायचा. पण कान मीडियम वेव्हपर्यंतच चालतो. खोडद जिथे ऐकतं, त्या शेकडो मेगाहर्ट्झमध्ये हा किती बोलतो, ते सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही. त्यासाठी पुण्यात एका खासगी लॅबमध्ये तासावर पैसे भरून वेळ घ्यावी लागते. मागच्या वेळी निम्मा वेळ जोडणीतच गेला. येत्या बुधवारी पुन्हा वेळ मिळाली आहे, सकाळी साडेदहाची. चाकणची कोंडी धरून पहाटे सहाला निघणार आहे.